ट्रॅक मला माहीत असला की कुत्रा बरोबर जातो, माहीत नसला की पहिल्याच वळणावर अडकतो. काय करू?

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पाच जणांचा ग्रुप, पाच कुत्री, दर रविवारी सकाळी सासवडच्या बाजूला माळावर ट्रॅकिंगची प्रॅक्टिस, म्हणजे एक जण चालत जाऊन ट्रॅक "टाकतो" आणि कुत्रा त्याच्या पावलांचा माग वासावरून "काढतो". प्रश्न विचारणाऱ्यांचा लॅब, म्हणजे लॅब्रॅडॉर, दोन वर्षांचा आहे. ह्यांनी स्वतः टाकलेला ट्रॅक तो नाक खाली ठेवून मस्त काढतो, वळणंही घेतो. पण त्याच सकाळी ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणी टाकलेला, ह्यांना रस्ता माहीत नसलेला ट्रॅक असला की पहिल्या वळणावर गाडी अडते. कुत्रा थोडा पुढे जातो, गोल फिरतो आणि मान वळवून ह्यांच्याकडे बघत उभा राहतो. ग्रुपमध्ये एक जण म्हणतो नाकच कमी आहे, जर्मन शेफर्ड घ्या. दुसरा म्हणतो ट्रीट वाढवा, तिसरा म्हणतो उपाशी ठेवून आणा.

माझं मत आधीच सांगतो, मग कारणं. नाक कमी नाही आणि ट्रीटही कमी नाहीत. तुमचा कुत्रा ट्रॅक अर्धा नाकाने काढतोय आणि अर्धा तुमच्या हातातल्या दोरीवरून. आणि तुमचा ग्रुप, जो खरं तर ह्यावरचा इलाज आहे, तो सध्या आजारातच भर घालतोय. वाईट वाटून घेऊ नका, आमच्या ग्रुपमध्ये नवीन येणाऱ्या बहुतेक माणूस-कुत्रा जोड्यांचं हेच असतं, फक्त तुमच्या ते लवकर लक्षात आलं.

नाकाचा विषय आधी निकालात काढू. माणूस चालतो तेव्हा अंगावरून त्वचेचे बारीक कण सतत गळत असतात, शिवाय बुटाखाली गवत चेंगरतं, माती हलते, त्याचा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वेगळा वास सुटतो. नॉर्वेमध्ये १९९३ साली चार जर्मन शेफर्डवर प्रयोग झाला होता, गवतावर २० मिनिटांपूर्वी आणि काँक्रीटवर ३ मिनिटांपूर्वी चालून गेलेल्या माणसाच्या ट्रॅकवर त्यांना आडवं आणून सोडलं. कुत्र्यांनी दोन ते पाच पावलं हुंगून तीनेक ते पाच सेकंदांत माणूस कोणत्या दिशेने गेला ते ठरवलं. म्हणजे एका पावलात आणि पुढच्या पावलात वेळेचा जो जेमतेम सेकंदाचा फरक असतो तो नाकाला कळतोय. लॅब ह्यात शेफर्डच्या फार मागे असेल असं मला वाटत नाही. ताज्या, ओल्या गवतावरच्या ट्रॅकला लॅबचं नाक पुरत नाही हे मला तरी पटत नाही.

एक अपवाद मात्र विचारून घेतो, गेल्या काही आठवड्यांत कुत्र्याला जुलाबासाठी औषध चालू होतं का? मेट्रोनिडाझोल आपल्याकडे सर्रास दिलं जातं, आणि स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्यांवर अमेरिकेत २०१६ साली छापून आलेल्या अभ्यासात ह्या औषधाने काही कुत्र्यांची वास ओळखण्याची क्षमता कमी झाल्याचं दिसलं होतं. गोचीडतापावर देतात त्या डॉक्सीसायक्लिनने तसा फरक दिसला नव्हता. औषध चालू असेल तर ते मनाने बंद करू नका, ट्रॅकिंग थोडे दिवस बंद ठेवा. पण तुमचा कुत्रा तुमचा ट्रॅक त्याच सकाळी नीट काढतोय म्हणताय, त्यामुळे हे कारण मला इथे लागू होत नाही असंच वाटतं.

आता मूळ घोळ. तुम्ही म्हणताय "मी टाकलेला जमतो, दुसऱ्याने टाकलेला जमत नाही". पण ह्या दोन ट्रॅकमध्ये फक्त एकच गोष्ट बदलतेय असं नाही. माणूस बदलला, म्हणजे वास बदलला. तुम्हाला रस्ता माहीत असणं बदललं. ट्रॅकचं वय बदललं, कारण स्वतःचा ट्रॅक आपण टाकतो आणि लगेच कुत्रा काढतो, आणि दुसऱ्याने टाकलेल्या ट्रॅकवर नंबर येईपर्यंत मधे दोन कुत्री होऊन चहा पण होतो. आणि ट्रीट ठेवायची पद्धत बदलली. तुम्ही कदाचित वळणानंतर पावलापावलावर चिकनचा तुकडा ठेवत असाल आणि तुमचा मित्र हाताला येईल तसं टाकत असेल. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष एकट्या नाकाला दिला.

म्हणून पुढच्या रविवारी कुत्र्याला शिकवायला जाऊ नका, नुसतं तपासायला जा. एकाच मित्राला सांगा की दोन ट्रॅक टाक, दोन्ही सारख्याच लांबीचे, प्रत्येकी एक वळण, ट्रीट दोन्हीवर सारख्याच अंतरावर, जमीन एकच आणि दोन्हीमध्ये चांगलं पन्नास-साठ मीटर अंतर. एकावर वळण कुठे आहे ते तुम्हाला दाखवून ठेवायचं, दुसऱ्यावर दाखवायचं नाही. दोन्ही सारखेच मुरू द्यायचे, म्हणजे टाकल्यावर तेवढाच वेळ जाऊ द्यायचा. वळण माहीत असलेला जमला आणि माहीत नसलेला फसला तर वास, वय, ट्रीट ही सगळी कारणं बाद, प्रश्न तुमच्या माहितीचा, म्हणजे तुमच्या दोरीचा. दोन्ही फसले तर कुत्र्याला परक्या माणसाचा ट्रॅक हाच धडा अजून मिळालेला नाही, आणि तो शिकवणं तुलनेने सोपं आहे. दोन्ही जमले तर मग आधीच्या रविवारी ट्रॅक जुना झाला होता किंवा कुणीतरी तुडवला होता असं धरून चाला. एकदा करून निष्कर्ष काढू नका, दोन-तीन रविवार करा आणि प्रत्येक वेळी कोणता ट्रॅक आधी काढायचा ते उलटसुलट ठेवा, कारण दुसऱ्या ट्रॅकपर्यंत कुत्रा दमलेला असतो आणि ऊन वर आलेलं असतं.

स्वतःचा ट्रॅक ते परक्याचा ट्रॅक ही पायरी खरोखरच वेगळी आहे, हे स्पर्धेच्या नियमांतही धरलेलं आहे. आयजीपी ही कुत्र्यांची स्पर्धा, २०१९ च्या आधी जिला आयपीओ म्हणायचे, तिच्या पहिल्या पातळीत ट्रॅक हँडलरच, म्हणजे कुत्र्याची दोरी धरणाराच, टाकतो, साधारण ३०० पावलं, दोन वळणं, कमीत कमी २० मिनिटं जुना. दुसऱ्या पातळीत ट्रॅक परक्याचा, ४०० पावलं, ३० मिनिटं. तिसऱ्यात ६०० पावलं, चार वळणं, तासभर जुना. परका माणूस ट्रॅक टाकत असताना हँडलर आणि कुत्रा दोघांनी नजरेआड राहायचं. तेव्हा तुमचा कुत्रा मागे पडलाय वगैरे नाही, तुम्ही एका पायरीवरून दोन पायऱ्या वर उडी मारलीत एवढंच.

आता दोरीबद्दल, कारण माझा सगळा संशय तिथे आहे. वळण माहीत असलेला हँडलर वळणाच्या दोन-तीन पावलं आधी हळू होतो, आणि हे त्याला कळत नाही. हात थोडा वर येतो, दोरी किंचित ताणली जाते, खांदा वळणाच्या दिशेला फिरतो, कुत्रा वळणापुढे गेला की पाय थांबतात आणि बरोबर बाजूला वळला की लगेच दोरी सैल. कुत्र्याला एवढं पुष्कळ झालं. त्याने काही फसवणूक केलेली नाही, त्याला उत्तर दोन ठिकाणी लिहिलेलं मिळालं आणि त्याने जे सोपं होतं ते वाचलं. मग ज्या दिवशी तुम्हाला वळण माहीत नसतं त्या दिवशी दोरी गप्प असते, आणि तो मान वळवून विचारतो की आज काय झालं.

कॅलिफोर्नियात २०११ साली ह्यावर एक अभ्यास छापून आला होता, तो मी नवीन लोकांना नेहमी सांगतो. अंमली पदार्थ आणि स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्यांच्या १८ जोड्या घेतल्या. हँडलर्सना सांगितलं की जिथे लाल कागद दिसेल तिथे वास ठेवलेला आहे. प्रत्यक्षात त्या इमारतीत कुठेच काही ठेवलेलं नव्हतं. तरी हँडलर्सनी मिळून सव्वादोनशे वेळा "कुत्र्याने इशारा दिला" असं सांगितलं, आणि ते इशारे लाल कागदाच्या जागी जास्त होते. ही रोजची ड्युटी करणारी माणसं होती, हौशी नव्हती. मग आपण रविवारवाले कुठल्या झाडाचा पाला.

हे वाचून पटत नाही, हाताला कळावं लागतं, म्हणून आमच्याकडे एक खेळ करतो, कुत्री गाडीत ठेवून. एक जण कुत्रा होतो. तो डोळे मिटून दहा मीटरच्या दोरीचं टोक कमरेला पकडून चालायला लागतो, मागे हँडलर दुसरं टोक धरून. हँडलरला आधी एक छोटा दगड दाखवलेला असतो, तिथे "वळण" आहे असं समजायचं, पण काहीही करायचं नाही, एका लयीत चालत राहायचं. पुढच्याने दोरीत काही वेगळं जाणवलं की हात वर करायचा. एकदा आमच्यातल्या एका रिटायर्ड काकांना कुत्रा केलं, मागे एक तरुण मुलगा होता, फुल कॉन्फिडन्समध्ये, माझा हात दगडासारखा स्थिर आहे म्हणत होता. दगडाच्या अलीकडे चार पावलांवर काकांचा हात वर. परत केलं, परत तिथेच. आम्ही जवळ जाऊन बघितलं तर मुलाचा हात खरंच हलत नव्हता, पण दगड जवळ आला की तो अंगठा दोरीवर दाबत होता, आणि त्यामुळे हातातून सरकणारी दोरी सरकायची थांबत होती. बस एवढंच. काका म्हणाले, "अरे मला तर ब्रेक लागल्यासारखं वाटलं." हा खेळ तुमच्या ग्रुपमध्ये आधी करा, तुमचं निम्मं काम तिथेच होईल आणि कुत्र्याला काही त्रासही नाही.

कुत्र्याला वळणाची बातमी देणारा पहिला खबऱ्या दोरी, दुसरा खबऱ्या म्हणजे ग्रुप. बाकीचे मागे घोळक्याने चालतात, त्यातल्या बऱ्याच जणांना वळण माहीत असतं. वळण जवळ आलं की गप्पा बंद होतात. सगळ्यांच्या माना त्या बाजूला. कुणीतरी "हं... हं..." करतो, कुत्रा चुकला की एखादा चुकचुकतो. ट्रॅक टाकणारा तर शेवटच्या टोकाला झाडाखाली उभाच असतो, फोनवर. हे सगळं कुत्रा बघतो आणि तुम्हीपण ऐकता, तुम्हाला वाटतं ट्रॅक माहीत नाही पण मागच्यांच्या आवाजावरून कळलेलं असतं. म्हणून आमचा नियम, कुत्रा कामावर असताना मागे फक्त एक माणूस, बाकीचे गाडीपाशी, आणि तिथेही पाठ करून बसलं तर उत्तम. तो एक माणूस हँडलरच्या मागे सारख्याच अंतरावर चालतो, आणि हँडलर वळण सोडून सरळ गेला तरी हाही त्याच्या मागे सरळ जातो, वळणावर थांबत नाही. हे दिसतं सोपं पण करायला अवघड आहे, पाय आपोआप थांबतात. नवीन माणसाला हे काम लगेच देऊ नका.

आणि जमिनीचा विषय. मैदानावर उतरल्या उतरल्या सगळे कुत्र्यांना मोकळं करतात, शी-शू, पळापळ, आणि मग त्याच पट्ट्यात ट्रॅक टाकतात. तसं नका करू. कुत्री गाडीतच, किंवा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला फिरवा. आधी सगळ्यांनी एकमेकांसाठी ट्रॅक टाकून घ्यायचे, प्रत्येकाने आपण टाकलेल्या ट्रॅकचं कागदावर चित्र काढायचं. कुठल्या झाडाकडे तोंड करून निघालो, कुठल्या बांधापाशी वळलो, वारा कुठून, किती वाजता, एवढं तरी लिहायचं. फोनमधलं जीपीएस चालतं पण त्यात काही मीटरचा घोळ असतो आणि आपलं सगळं भांडण त्या काही मीटरवरच असतं, त्यामुळे कागद आणि खुणेसाठी कपड्यांचे चिमटे. चिमटा मात्र वळणावर लावू नका, कुत्र्याच्या आधी तुम्हालाच तो दिसतो. टोकाला पोचल्यावर टाकणाऱ्याने आणखी थोडं पुढे जाऊन मग मोठा वळसा घेऊन परत यायचं, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या ट्रॅकला न कापता. सगळे ट्रॅक टाकून झाले की चहा. चहा म्हणजे टाइमपास नाही, तेवढ्यात ट्रॅक मुरतो.

ट्रीटबद्दल एक आपल्याकडची अडचण, परदेशी व्हिडिओत कुणी सांगत नाही. मुंग्या. थंडीच्या दिवसात ठीक आहे पण ऊन जरा वाढलं की चिकनच्या तुकड्याला थोड्या वेळातच मुंग्या लागतात, आणि उरलेलं मैना, कावळे आणि वस्तीवरची कुत्री साफ करतात. मग अर्ध्या तासाने तुमचा कुत्रा तिथे पोचतो तेव्हा बक्षीस नाहीच, वर नाकाला मुंगी चावते. दोन-तीनदा असं झालं की कुत्रा नाक वर घेऊन चालायला लागतो आणि आपण म्हणतो त्याला इंटरेस्ट नाही. माझं आता असं आहे की ट्रॅक जितका जुना तितकं ट्रॅकवरचं खाणं कमी, आणि बक्षीस आर्टिकलपाशी माझ्या हातातून. आर्टिकल म्हणजे ट्रॅक टाकणाऱ्याने खाली टाकलेली वस्तू, चामड्याचा तुकडा, मोजा, जुनं पाकीट. कुत्रा तिथे बसला किंवा आडवा झाला की तिथे खाणं. ह्यात अजून एक फायदा की कुत्रा चिकनच्या वासाचा माग काढतोय का माणसाच्या, हा संशय राहत नाही.

आता ब्लाइंडकडे जायचा क्रम. ब्लाइंड म्हणजे हँडलरला ट्रॅक माहीत नाही पण मागच्या माणसाला माहीत आहे. डबल ब्लाइंड म्हणजे बरोबर असलेल्या कुणालाच माहीत नाही. लोकांना वाटतं की ब्लाइंड चांगलं तर मग सगळंच ब्लाइंड करा. नको. कुत्रा नवीन काही शिकत असतो, उदाहरणार्थ पहिल्यांदा काटकोनातलं वळण किंवा गवतातून नांगरलेल्या ढेकळांत जाणं, तेव्हा तुम्हाला ट्रॅक माहीत असायलाच पाहिजे, नाहीतर तुम्ही चुकीच्या ठिकाणी शाबासकी द्याल आणि ते निस्तरायला महिने जातील. माहीत असलेल्या ट्रॅकवर शिकवायचं, ब्लाइंडवर तपासायचं. तुमच्या ग्रुपमध्ये सकाळी प्रत्येकाला दोन ट्रॅक मिळत असतील तर एक माहीत असलेला, एक ब्लाइंड. आणि ब्लाइंड नेहमी सोपा ठेवायचा, कुत्र्याला माहीत असलेल्या ट्रॅकवर जे जमतं त्यापेक्षा एक-दोन पायऱ्या खाली. तुमच्यासाठी पहिला ब्लाइंड म्हणजे एकच वळण, तेही काटकोन नाही, सावकाश वळणारं, ओलं गवत, दहा-पंधरा मिनिटं जुना. हे अपमानास्पद वाटतं, पण इथे कुत्र्याला एकच गोष्ट शिकायची आहे, ती म्हणजे मालकाला काही माहीत नाही, मलाच बघायला पाहिजे.

तो मागे वळून बघतो तेव्हा काय करायचं, हा तुमचा खरा प्रश्न. काही करायचं नाही. पाय थांबले तर थांबू दे पण मग तिथेच ठाम उभं राहायचं, दोरीवरचा ताण आहे तसा, तोंड बंद, नजर त्याच्या डोळ्यांत नाही आणि लांब वळणाकडे तर नाहीच, खाली जमिनीकडे. "शोध शोध" चा जप तर आजपासून बंद. तो बघेल, एखाद्या वेळी भुंकेल, खाली बसेल, मग कंटाळून परत नाक खाली घालेल. दोरीच्या लांबीइतकं गोल त्याला फिरू द्या, तुम्ही खांबासारखे मधे. ह्या गोल फिरण्यात पुष्कळ शिकण्यासारखं असतं, तुम्हाला. ट्रॅकबाहेर असताना त्याची शेपटी कशी असते, डोकं किती वर, श्वासाचा आवाज कसा, आणि ट्रॅक परत सापडल्यावर काय बदलतं हे बघा. माझ्या एका कुत्र्याचा डावा कान तेवढा मागे जायचा, बाकी अंगात काही फरक नाही. प्रत्येक कुत्र्याचं वेगळं, ते कुणी दुसरा सांगू शकत नाही, फार तर मागून व्हिडिओ काढून देऊ शकतो. त्याने दिशा पकडली, दोन-चार पावलं टिकली, की मग दोरी सोडत मागे जा. आणि फार वेळ काहीच झालं नाही, कुत्रा दमला, हॅ हॅ करायला लागला, तर मागच्या माणसाने हळूच "परत" म्हणायचं आणि जिथपर्यंत कुत्रा नक्की ट्रॅकवर होता तिथे नेऊन सोडायचं. बोट दाखवून वळण दाखवायचं नाही. बोट दाखवलं की पुढच्या रविवारी तो बोटाची वाट बघणार.

पेपरात आपण नेहमी वाचतो की श्वान पथकाने हायवेपर्यंत माग काढला आणि तिथे श्वान घुटमळले. लोक त्याला हसतात, पण मला त्या हँडलरचं कौतुक वाटतं, कारण माणूस तिथे गाडीत बसला असेल तर कुत्र्याने घुटमळायलाच हवं आणि हँडलरने ते तसंच सांगायला हवं. कुत्र्याला "इथे संपलं" म्हणायची मुभा असली पाहिजे. म्हणून अधूनमधून आम्ही असा ट्रॅक टाकतो की टाकणारा मधेच बाइकवर बसून निघून जातो, आणि हँडलरला सांगत नाही. हे तुम्ही लगेच करू नका, ब्लाइंड वळणं बसल्यावर.

परिस्थितीवर अवलंबून आहे अशा गोष्टी आता. पहिली म्हणजे तुम्हाला नेमकं काय करायचंय. स्पर्धा करायची असेल तर पावलावर पाऊल, नाक खोल, संथ, ट्रीटवर भर. हरवलेला माणूस शोधणं ही आवड असेल तर ते ट्रेलिंग, त्यात कुत्र्याला त्या एका माणसाची वस्तू हुंगायला देतात आणि वारा वास ढकलतो त्याप्रमाणे तो पावलांपासून काही मीटर बाजूनेही चालला तरी चालतं. एकाच ग्रुपमध्ये दोन्हीवाले असले की "तुझ्या कुत्र्याचं नाक वर आहे" ह्यावर भांडणं होतात, आमच्यात झालेली आहेत. आधी ठरवा आणि एकमेकांच्या कुत्र्याला आपल्या मापाने मोजू नका. ट्रेलिंगवाल्यांसाठी तर ग्रुप फारच कामाचा असतो, सगळे जण सुरुवातीच्या जागी घुटमळून जातात, मग त्यातला एक जण गायब होतो. कुत्रा हजर असलेल्यांना हुंगून बाद करतो आणि जो नाही त्याचा माग धरतो. एकट्याला हे करताच येत नाही. आणि ओघात आलंय म्हणून, पोलिसांनी बोलावल्याशिवाय कुठल्याही खऱ्या घटनेच्या जागी आपली कुत्री घेऊन जायचं नाही, मदत राहिली बाजूला, त्यांच्या कुत्र्यासाठी असलेला माग आपण तुडवतो.

दुसरी गोष्ट ऋतू. तुमच्या भागात पावसाळ्यानंतर गवत पिवळं पडलं की कुसळं येतात. मोज्यात घुसतात ती आपल्याला कळतात, पण नाक जमिनीला लावून चालणाऱ्या कुत्र्याच्या नाकपुडीत, कानात आणि पंजाच्या बोटांमध्ये जातात ती कळत नाहीत, आणि ती परत बाहेर येत नाहीत, आत आतच सरकतात. कुत्रा अचानक सारखा शिंकायला लागला किंवा एकाच नाकपुडीतून पाणी-रक्त आलं तर ट्रॅक बंद, सरळ डॉक्टर. कुसळी गवताचे दिवस मी नांगरलेल्या रानात किंवा हरभरा निघालेल्या वावरात काढतो, शेतकऱ्याला विचारून, आणि गेल्या काही दिवसांत फवारणी झाली का हेही विचारून. उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आत सुरू आणि ऊन तापायच्या आत बंद, कारण धापा टाकणारा कुत्रा तोंडाने श्वास घेतो, त्याला हुंगता येत नाही, आणि लॅबला ऊन बाधतं तेही पटकन. उताराच्या जमिनीवर सकाळी गार हवा खाली वाहते आणि ऊन आलं की वर, त्यामुळे तोच ट्रॅक सात वाजता आणि नऊ वाजता वेगळा वागतो. नऊच्या ट्रॅकवर कुत्रा पाच मीटर वरच्या अंगाने चालला तर त्याला चूक म्हणू नका.

तुमच्या मित्रांचे तीन सल्ले राहिले. शेफर्ड घ्या हा सल्ला सोडून द्या, शेफर्डही हँडलरकडे बघतो आणि त्यालाही दोरी कळते. ट्रीट वाढवा हेही नाही, जागा बदला, ट्रॅकवरून काढून आर्टिकलवर न्या. उपाशी ठेवूनही आणू नका, भुकेला लॅब घाई करतो आणि घाईत वळण चुकतं. आदल्या रात्री नेहमीसारखं जेवण, सकाळी रिकाम्या पोटी काम, निघायच्या आधी भरपूर पाणी, आणि सकाळच्या वाट्यातलं थोडं बक्षीस म्हणून आर्टिकलपाशी, उरलेलं घरी पोचून कुत्रा पूर्ण निवल्यावर.